आजोबांचा रणगाडा खरंच चकाकत होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत तुमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी 1967 मध्ये केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला रणगाड्यावर लोडर (तोफेत गोळे भरणारा) म्हणून प्रशिक्षण घेतलं. त्यांच्याकडे तेव्हाचे दोन रंगीत फोटो आहेत. तुम्ही तासभर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलंय आणि एम60ए1 या अमेरिकन रणगाड्याचं 1/35 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं, मॉडेल किट आणून ठेवलंय. घोडं अडलंय ते इथे: फोटोतला रणगाडा मातकट तपकिरी आणि निस्तेज दिसतो, आजोबा मात्र ठामपणे सांगतात की तो हिरवा होता आणि चकाकायचा. गाडीचा नंबर त्यांना आठवत नाही, फोटोत वाचता येत नाही. मागे बराक दाखवू का, हेही विचारलंत. कोणाचं खरं धरायचं?

रंगापुरतं आजोबांचं धरा. डोळे मिटून.

त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असायची आणि त्यातलं निळसर, म्हणजे सायन, अल्बमच्या अंधारातसुद्धा सगळ्यात आधी विटायचं. उरतात किरमिजी आणि पिवळं. मग आकाश गुलाबट होतं, चेहरे उन्हात भाजल्यासारखे दिसतात आणि ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे फौजेचा मळकट हिरवा, चक्क चॉकलेटी होतो. रणगाड्यावरचा पांढरा तारा फोटोत आला असेल तर तो बघा. तोच गुलाबी झाला असेल तर त्या फोटोवरून कुठलाही रंग ठरवायचा नाही. आजोबांच्या माळ्यावर कोडाक्रोमच्या स्लाइड निघाल्या तर गोष्ट वेगळी. अंधारात राहिल्या असतील तर त्या पन्नास वर्षांनीही बऱ्यापैकी खरं बोलतात.

चकाकीचंही तसंच. अमेरिकेच्या सरकारी रंगांचं मानक, फेडरल स्टँडर्ड 595, 1956 मध्ये निघालं. त्यातल्या पाच आकडी क्रमांकाचा पहिला आकडा चकाकी सांगतो: 1 म्हणजे चकचकीत, 2 म्हणजे अर्धचकाकी, 3 म्हणजे मॅट. 34087 हा मॅट ऑलिव्ह ड्रॅब आपण सगळे वापरतो, बाटलीवरही तोच क्रमांक असतो. पण 24087 हा त्याचाच अर्धचकाकीचा भाऊ आहे, आणि शांततेच्या काळात अमेरिकेतल्या तळांवर तो सर्रास दिसायचा. युद्धावर गेलेली गाडी चमकली तर जीव जातो. प्रशिक्षण तळावरची चमकली नाही तर सार्जंट ओरडतो. अमेरिकन फौजेत जुनी म्हण आहे: हलत असेल तर सलाम ठोक, हलत नसेल तर उचल, उचलता येत नसेल तर रंग मार. एम60 उचलता येत नाही.

मॉडेलवर मात्र अर्धचकाकीचा रंग बाटलीतून तसाच मारू नका, खेळणं दिसेल. मी मॅट रंगच मारतो, त्यात थोडा पिवळसर बफ मिसळून तो फिका करतो (पांढरा मिसळला की हिरवा दुधाळ होतो, तो मोह टाळा) आणि शेवटी चार भाग मॅट वॉर्निशमध्ये एक भाग ग्लॉस घालून एअरब्रशने एक पातळ हात देतो. धुऊन वाळलेल्या मोटारीच्या टपावर जसा उजेड पसरतो तेवढी चमक पुरे. फेंडरवर (साखळीपट्ट्यावरच्या पत्र्यावर) आणि हॅचच्या (आत उतरायच्या झाकणाच्या) कडांना, जिथे पँट घासते, तिथे बोटाने किंचित घासून आणखी चमक आणा.

आता आजोबांच्या बाकीच्या आठवणींकडे. इथे सरसकट विश्वासही नको आणि सरसकट संशयही नको. मी अशा माणसांबरोबर बसून आठ-दहा मॉडेलं केली आहेत आणि माझा अनुभव असा की हातांनी रोज जे केलं ते त्यांच्या आठवणीत पक्कं असतं. नावं, क्रमांक, तारखा यांचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. माणसाच्या आठवणींची दाटी साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते, हे मानसशास्त्रज्ञांनी बऱ्याच अभ्यासांतून दाखवलं आहे. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर पहिल्यांदा घराबाहेर पडून लोखंडाच्या पेटीत बसतं, ते विसरणार कसं? पण त्याच पोराने पुढे पन्नास वर्षं सिनेमे पाहिले, पुस्तकं चाळली, जुन्या मित्रांच्या मेळाव्यात गप्पा ऐकल्या. ते सगळं मूळ आठवणीत मिसळतं आणि कुठलं कुठून आलं हे त्यालाही सांगता येत नाही.

एक उदाहरण देतो. एका गृहस्थांसाठी रणगाडा करायचा होता. ते पहिल्यापासून म्हणत होते, "एम60, एम60." मीही किट उघडून चाकं कापायला घेतली. मग सहज विचारलं, टाकी भरताना वास कसला यायचा? म्हणाले, पेट्रोलचा, डोकं दुखायचं. माझा चाकू तिथेच थांबला. एम60 डिझेलवर चालतो. आधीचे एम48ए1 आणि ए2 पेट्रोलवर चालायचे. त्यांचा फोटो भिंगाखाली धरला तर ट्रॅकला (साखळीपट्ट्याला) वरून आधार देणारे छोटे रोलर पाच होते. एम60 ला तीन असतात. तोफेच्या नळीवरचा फुगवटा टोकाजवळ होता, एम60 वर तो नळीच्या मधोमध असतो. म्हणजे प्रशिक्षण एम48ए1 वर झालं होतं. पुढे जर्मनीत ते एम60 वर होते आणि दोन्ही रणगाडे आठवणीत एकाच नावाखाली जाऊन बसले होते. नाव चुकलं, नाकाने बरोबर सांगितलं.

तेव्हा तुम्हीही किट उघडण्याआधी हे करा. फोटोत रोलर मोजा, नळीचा फुगवटा कुठे आहे ते पाहा आणि पुढचा भाग पाहा: एम48 चं नाक होडीसारखं गोलसर, एम60 चं पाचरीसारखं सपाट उतरतं. एम60 निघाला तरी काम संपत नाही. मूळ एम60 चं टरेट (तोफेचा फिरता घुमट) एम48 सारखं कासवाच्या पाठीचं आहे, एम60ए1 चं लांब आणि पुढे निमुळतं. तुमचं किट ए1 चं आहे. फोटोत टरेट गोल दिसलं तर किट बदलावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका. आजोबा लोडर होते, म्हणून आणखी एक विचारा: टरेटमधली मशीनगन अडकायची का? एम60 वर तेव्हा एम73 असायची आणि ती अडकण्यासाठीच प्रसिद्ध होती. नाव ऐकून ते शिवी देतील, तर समजा गाडी जुळली. ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण एम73 एम48ए3 वरही होती, पण रोलर आणि फुगवट्याबरोबर धरली की प्रश्न मिटतो.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "रंग कोणता होता?" असं विचारलं की माणूस आठवत नाही, अंदाज करतो. "रंग मारायची पाळी कधी यायची? ब्रशने मारायचात की फवाऱ्याने? हाताला लागला तर कशाने काढायचात?" असं विचारा, मग तो स्वतःच तिथे जाऊन उभा राहतो. आणि कृपा करून दुसऱ्या कुणाच्या मॉडेलचे फोटो त्यांना आधी दाखवू नका. एकदा दाखवलेत की पुढच्या वेळी तेच त्यांची आठवण म्हणून परत येतं.

माझी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अगदी साधी आहे. रणगाड्याचं वरून आणि बाजूने काढलेलं रेखाचित्र मोठं छापून घ्यायचं (अमेरिकन फौजेच्या टेक्निकल मॅन्युअलमध्ये अशी चित्रं असतात, कुठलं अवजार कुठे बांधायचं तेही दिलेलं असतं) आणि लाल पेन्सिल हातात द्यायची. "पाय कुठे ठेवून चढायचात? हात कुठे धरायचात? जेवणाचा डबा कुठे ठेवायचात?" ते खुणा करतात. नंतर न रंगवलेलं, नुसतं जोडलेलं मॉडेल हातात द्यायचं. मी पाहिलंय, पहिल्यांदा लोक टरेट फिरवतात. दुसऱ्यांदा बोट आपोआप त्यांच्या हॅचकडे जातं. एकांनी अंगठ्याने हॅचची कडा चाचपली आणि म्हणाले, इथे कोपर टेकायचो, उन्हाळ्यात भाजायचं. त्या कडेवर मी रंग झिजवला, बाकी कुठे हात लावला नाही. रंग उडालेला दाखवण्याचे सगळे ठिपके असे माणसाच्या सवयीतून यायला हवेत. नाहीतर आपण स्पंजचा तुकडा घेऊन सगळीकडे टपटप मारत सुटतो आणि गाडीला गोवर झाल्यासारखं दिसतं.

मापही ध्यानात ठेवा. 1/35 वर 1 मिलिमीटर म्हणजे खरे साडेतीन सेंटिमीटर. ब्रशच्या टोकाने उमटलेला एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर दोन बोटांहून रुंद पट्टा. कोणताही सार्जंट तो संध्याकाळपर्यंत तसा राहू देणार नाही. आणि एम60 ची चाकं ॲल्युमिनियमची असत, म्हणून त्यांच्यावर रंग उडाला तर खालून रुपेरी दिसेल. गंज नाही.

गंजाची माझी फजिती सांगण्यासारखी आहे. फार वर्षांपूर्वी मी एक एम113, म्हणजे सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी, केला होता, तीन संध्याकाळी खपून बाजूंवर सुंदर नारिंगी गंजाचे ओघळ काढले होते. प्रशिक्षणात ती गाडी चालवलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला मोठ्या अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, मॉडेल नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "बेटा, ही गाडी ॲल्युमिनियमची. तिथे गंजायला आम्हीच काय ते होतो." एम113 चं सगळं चिलखत ॲल्युमिनियमचं आहे, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी गंज काढला, कारण इतर सगळ्यांच्या मॉडेलवर तो होता.

प्रशिक्षण तळावरची गाडी आणि रणांगणावरची गाडी यांत आपण फरकच करत नाही, ही मुळातली गडबड आहे. किटच्या खोक्यावर युद्धाचं चित्र असतं, आत वाळूच्या पिशव्या, जास्तीच्या पेट्या, चिलखती जाकिटं घातलेली माणसं. फोर्ट नॉक्सच्या गाडीवर यातलं जवळजवळ काही नको. ती रोज नव्या पोरांच्या हातात जायची, संध्याकाळी धुतली जायची. म्हणून चिखल अंगभर नको. पाण्याचा झोत जिथे पोचत नाही तिथेच तो वाळून बसतो: फेंडरच्या खालच्या बाजूला, चाकांच्या जोडीच्या मधल्या फटीत, मागच्या स्प्रॉकेटच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाच्या) दात्यांच्या बुडाशी. पिगमेंट (मातीच्या रंगाची कोरडी पूड) लावून झालं की ओल्या ब्रशने वरून खाली पुसून काढा, जणू गाडी धुतलीय. केंटकीची माती आजोबांना विचारा. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला लाल चिकणमाती आहे, तिथला माणूस ती तुम्हाला पायमोज्यांच्या रंगावरून सांगेल. मोजाव्हे वाळवंटातली धूळ फिकट, पिठासारखी. एकाच बाटलीतून सगळीकडची माती निघत नाही.

मोजाव्हेवरून आठवलं. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या नॅशनल ट्रेनिंग सेंटरमध्ये 1980 च्या दशकापासून एक तुकडी कायम शत्रूची भूमिका करायची. त्यांच्याकडचे एम551 शेरिडन रणगाडे वरून पत्रे आणि फायबरग्लास लावून सोव्हिएत टी-72 रणगाडा, बीएमपी चिलखती गाडी वगैरेंसारखे सजवलेले असत. गोळ्यांच्या जागी लेझर, अंगावर लेझर टिपणाऱ्या सेन्सरचे पट्टे, टरेटवर "मेला" असं सांगणारा लुकलुकता दिवा. तिथला कुणी माजी सैनिक "मी टी-72 चालवायचो" असं म्हणाला तर तो फुशारक्या मारत नसतो, तिथे त्या गाडीला सगळे तेच म्हणत. आपण मात्र टी-72 चं किट आणून बसलो तर चुकलो. मॉडेल करणाऱ्याला याहून मजेदार विषय मिळणार नाही असं माझं मत आहे, पण ते असो, तुमच्या आजोबांच्या काळाशी याचा संबंध नाही.

तुमच्यासाठी दोन बारीक गोष्टी जास्त कामाच्या. अमेरिकन फौजेत सरावाच्या गोळ्यांना निळा रंग देतात. लोडरची हॅच उघडी ठेवून आत हातात गोळा दाखवणार असाल तर त्याचं टोक युद्धातल्या गोळ्यासारखं काळं करू नका. आधी आजोबांना विचारा, ते स्वतःच "निळा" म्हणतील असा माझा अंदाज आहे. दुसरं, गोळीबाराच्या मैदानावर गाडीवर झेंडा असतो: लाल म्हणजे गोळीबार चालू, हिरवा म्हणजे बंदुका रिकाम्या. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद रंगवून तो छान होतो, आणि गाडी सरावाची आहे हे पाटी न लावता कळतं.

उतार दाखवायचा असेल तर जपून. फोर्ट नॉक्सला पायी चढाव्या लागणाऱ्या टेकड्यांना पोरांनी मिझरी, ॲगनी आणि हार्टब्रेक अशी नावं ठेवली होती. तिथे राहिलेला प्रत्येक जण त्यांच्याबद्दल बोलतो आणि आठवणीतली चढण दर वर्षी दोन अंशांनी वाढते. हाताने उतार दाखवायला सांगितलंत तर ते भिंत दाखवतील. त्याच्या निम्मा करा.

नंबराचं काय? आजोबांची सेवेची फाइल सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये असायला हवी. तिथे 12 जुलै 1973 ला मोठी आग लागली आणि 1912 ते 1960 या काळात फौजेतून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फाइली जळाल्या. आजोबा त्यानंतरचे, म्हणजे त्यांची वाचलेली असणार. स्टँडर्ड फॉर्म 180 भरून ते स्वतः प्रत मागू शकतात. त्यातून कंपनी, बटालियन कळेल आणि तेवढं बंपरवरच्या तुकडी सांगणाऱ्या अक्षरांना पुरेल. गाडीचा स्वतःचा क्रमांक अशा फाइलीत शोधू नका. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये सिग्नल कोअरचे (फौजेच्या संदेशवहन दलाचे) फोटो आहेत, तिथे नशीब आजमावता येईल. फोर्ट नॉक्सला जाऊन काही सापडेल असं मात्र धरू नका. रणगाड्यांची शाळा 2011 पर्यंत तिथून बेनिंगला हलली आणि संग्रहालयातल्या बऱ्याच गाड्याही तिच्यामागोमाग गेल्या.

नाहीच सापडला तर मनाचा क्रमांक टाकू नका, निदान दिसेल असा तरी नको. बंपरच्या त्या कोपऱ्यावर वाळलेला चिखल आणा किंवा दोरीचं वेटोळं लटकवा. आणि मॉडेलच्या बैठकीच्या लाकडाखाली एक कागद चिकटवा: एवढं फोटोवरून, एवढं आजोबांच्या सांगण्यावरून, एवढा माझा अंदाज. मी हे पहिल्या काही मॉडेलांना केलं नव्हतं. आज त्यातला कुठला तपशील कुणी सांगितला आणि कुठला मी रेटून लावला, मलाच सांगता येत नाही.

बराक पूर्ण करू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या तयारीत, 1940-41 मध्ये, घाईने ठोकलेल्या त्या दुमजली लाकडी बराकी 63 माणसांसाठी होत्या आणि साधारण 80 फूट लांब. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या त्या इमारती 1967 मध्येही वापरात होत्याच. 1/35 मध्ये ती 70 सेंटिमीटर होते, तुमचा रणगाडा तोफ पुढे धरून जेमतेम 27. घराच्या अंगणात मांजर बसल्यासारखं दिसेल. दाखवायचाच तर एक कोपरा घ्या: फळ्यांची भिंत, खिडकीवर पुढे आलेली छोटी पडवी आणि खांबाला ठोकलेला सिगारेटची थोटकं टाकायचा लाल डबा. त्या डब्याबद्दल विचारून बघा, अर्धा तास जाईल. मधेच ते एखाद्या मित्राच्या नावाशी अडखळले तर पुढचं विचारू नका, चहा घ्या. 1967 मध्ये तिथून निघालेल्या पोरांपैकी बरेच जण व्हिएतनामला गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला विचाराल तर मी बराक सोडून मोटर पूल, म्हणजे तळावरच्या गाड्या उभ्या करायची जागा, करीन. सपाट सिमेंट, चाकाला अडवणारी लाकडी पाचर आणि इंजिनाखाली तेल झेलायला ठेवलेला पत्र्याचा ट्रे. तळावर उभ्या गाडीखाली हा ट्रे हमखास असे, आणि मॉडेलवर तो कुणीच दाखवत नाही. टूथपेस्टच्या जुन्या ट्यूबचा पत्रा कापून कडा वळवल्या की झाला. आत काळपट तपकिरी ग्लॉसचा पातळ थर द्या. सिमेंटवर मात्र एक थेंबही सांडू देऊ नका, नाहीतर आजोबा बाकी सगळं सोडून पहिल्यांदा विचारतील, आज ड्युटी कोणाची होती.